तुरीच्या डाळीचं बाळ

हुडकेश्वर, नागपूर
४ जानेवारी २०२५

चि. धना,

तुला आणि जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावर पत्ता तुझ्या बाबांनी घातला आहे, कारण माझ्या अक्षरावर पाकीट रायपूरऐवजी रामटेकला जाईल असं त्यांचं म्हणणं. आतलं सगळं माझ्या हातचं. पेनाला पातळाची चिंधी गुंडाळून जाड केलं की बोटांत धरता येतं. ऊन चढल्यावर बोटं जरा मोकळी होतात, तेव्हा चार ओळी लिहिते आणि ठेवून देते.

त्या दिवशी फोनवर मी तुला म्हटलं, "तुझं बाळंतपण रायपूरलाच होऊ दे." तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास. त्या "बरं"नंतर माझा घास नीट उतरलेला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे मला काय माहीत नाही? तुझ्या वेळी माझं तुझ्या आजीने उमरेडला केलं, ओसरीवर माग खडखडत असताना. तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या असतील, तेही मला इथे बसून ऐकू येतं.

पण कारणं आहेत बाई. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे, लहान जिवाला ती बाधते. नळाला पाणी एक दिवसाआड. थंडी तर यंदा विचारू नको. आणि तुमच्याकडे दवाखाना घराला लागून आहे, इथून धंतोलीचा दवाखाना गाठायचा म्हणजे अर्धा जीव रस्त्यातच जातो. हे एवढं मी तुझ्या बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "बाळ होईन एप्रिलात. तवा कुठची थंडी वं? एप्रिलात नागपुरात भिंत त काय, माणूस वाळते." त्यांचं मनावर घेऊ नको.

माझं आमवाताचं दुखणं तुला ठाऊकच आहे. ते आहे तसं आहे. बाकी मी मजेत. बाजारहाट हल्ली तुझे बाबाच करतात. पोळ्याही तेच करतात, आणि त्या गोल होतात याचा त्यांना फार गर्व झाला आहे. इंदुताई परवा दार वाजवून गेल्या. मी जागीच होते, पण उठले नाही. एवढ्या वर्षांची शेजारीण, काय म्हणाली असेल कोण जाणे.

डिंकाचे लाडू पाठवते आहे. मी केले. म्हणजे डिंक मी तळला, वळले तुझ्या बाबांनी.

राग धरू नको. फोन उचल.

तुझी आई


१७ जानेवारी

धना,

तुझा मेसेज बाबांच्या मोबाईलवर आला. "आईला सांगा, समजलं. मी आता त्या घरची पाहुणी झाले." त्याच्याखाली तू लिहिलं होतंस, "सकाळी माझी बोटं सुजतात, अंगठी साबण लावून काढावी लागली. हे तिला सांगू नका." तुझ्या बाबांना मनातल्या मनात वाचता येत नाही, हे तू विसरलीस. "सांगू नका" हेसुद्धा त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

आधी बोटांचं सांग. दोन्ही हातांची सुजतात का एकाच? सकाळी उठल्याबरोबर मूठ वळते का? वळत नसेल तर किती वेळाने वळते, चहा होईपर्यंत का दुपारपर्यंत? दाबलं तर सांधा दुखतो का नुसती सूज आहे? पायाची बोटं कशी आहेत? माझं असंच सुरू झालं होतं. बांगडी चढेना, मला वाटलं मी जाड झाले. दोन वर्षं मी जाड झाले असंच समजत राहिले आणि तेवढ्यात सांधे बिघडून बसले.

डॉक्टरकडे जा. जाशील तेव्हा स्पष्ट सांग की माझ्या आईला आमवात आहे. लाजू नको, सासूबाई सोबत असल्या तरी सांग. मी तुला रंग दिला, नाक दिलं, हेही दिलं का, याच एका विचाराने माझं डोकं शिजून निघालं आहे. बाबा म्हणतात, "पोटुशी बाईची बोटं सुजतच असतात, तुयी नव्हती का सुजली?" मला आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करते आणि छातीत धडधडायला लागतं.

आता फोन वाजला तरी हात गार पडतात. आधी तुझं पोट दिसतं, मग तुझी बोटं, मग रस्त्यावर कुठे तुझा पाय घसरला असेल असं वाटतं. फोन सिमकार्डवाल्या कंपनीचा निघतो. चहा उतू जातो, मी समोर उभी असते आणि गॅस बंद करायला हात पुढे होत नाही. थंडीमुळे होत असेल.

पाहुणी म्हणालीस ते वाचून मी काहीतरी लिहिणार होते. पण आज याहून जास्त लिहवत नाही. पाहुणी तू नाहीस.

आई


२५ जानेवारी

धना,

या पत्रात भिंत नाही, पाणी नाही, थंडी नाही. पाकीट मी स्वतः चिकटवून पेटीत टाकणार आहे, म्हणजे बाबांना मोठ्याने वाचायला काही मिळणार नाही.

बाळाला न्हाऊ घालताना तू पाहिलं आहेस, घातलं कधी नाहीस. पाटावर बसायचं, पाय सरळ लांब करायचे, बाळाला नडग्यांवर निजवायचं. तेल चोळून झालं की एका हाताने छातीखाली धरून त्याला पालथं करायचं. तेलाने ते इतकं निसरडं होतं की सगळी भिस्त अंगठ्यावर आणि दोन बोटांवर राहते. माझी नेमकी तीच बोटं मिटत नाहीत.

हे मला कुणी सांगितलं नाही, मी करून पाहिलं. डिसेंबरातली गोष्ट. बाबा पूर्वी कामाला होते त्या गोदामातल्या लोकांना भेटायला वाडीला गेले होते. मी तीन किलो तुरीची डाळ उशीच्या अभ्र्यात भरली, तोंड बांधलं, मऊ पातळात गुंडाळली. वर तुझं लहानपणचं टोपरं बसवलं. ते कशाला बसवलं, विचारू नको. हातांना बदामतेल लावलं, कोरड्या हातांनी परीक्षा कसली द्यायची. पाटावर बसताना गुडघ्यांनी नाटकं केली, पण बसले. निजवलं, चोळलं, इथपर्यंत जमलं. पालथं करायला गेले आणि ते सुटलं. न्हाणीच्या फरशीवर पडलं, गाठ सुटली, डाळ मोरीपर्यंत पसरली. टोपरं एका बाजूला पडलं होतं. मी त्याच्याकडे पाहत बसले. मला उठवेना.

बाबा आले तेव्हाही मी तशीच होते. दारातून म्हणाले, "अवं, डाळ धुवाची होती त मले सांगतलं असतं." मग त्यांना टोपरं दिसलं. ते खाली बसले आणि एकेक करून डाळ वेचायला लागले. संध्याकाळी त्याच डाळीचं वरण केलं. त्याला बदामतेलाचा वास येत होता. दोघांनी गुपचूप खाल्लं.

त्यानंतरच मी तुला येऊ नको म्हणाले.

पण आणखी एक आहे, आणि ते लिहायला मला जास्त दिवस लागले. डाळ सांडायच्या आधीपासूनच माझं काही ठीक नाही. सांधा दुखला तर इथे दुखतं म्हणून बोट ठेवता येतं. हे कुठे आहे तेच कळत नाही. सकाळी डोळे उघडले की अंगावर कुणी ओली गोधडी टाकल्यासारखं वाटतं. अंघोळ कर, वेणी घाल, एवढंही डोंगराएवढं होतं. टीव्ही चालू असतो, पण काय चाललं आहे कळत नाही. तुझ्या बाबांनी हौसेने कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणली, तर ती पाहून मला रडू आलं. आता सांबारवडीत रडण्यासारखं काय असतं?

उमरेडला माहेरी मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचे. धागा तुटला तर मान वर न करता बोटांनीच जोडायचे. तुझे आजोबा म्हणायचे, "पोरीच्या बोटायले डोये हायेत." आता त्या बोटांना ब्लाउजचा हूक लागत नाही, तो तुझे बाबा लावून देतात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

कधी कधी मनात येतं, उद्याची सकाळ झालीच नाही तर बरं. मग लगेच घाबरते आणि देवाचं नाव घेते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला पोटुशी असताना सांगू नये, हेही कळतं. पण तू रागावून दूर बसली आहेस आणि मला वाटत राहतं की तुला वाटतंय, आईला मी नको. तू नको असतीस तर मी डाळीला टोपरं घातलं असतं का?

आई


६ फेब्रुवारी

धना,

पत्र मिळाल्यावर तू मला फोन केला नाहीस, बाबांना केलास. त्यांनी सवयीने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता. "आईले उद्याच्या उद्या धंतोलीले न्या. हाताचं नंतर, आधी मनाचं सांगा डॉक्टरले. तिनं नाई सांगतलं त तुमी सांगा." आणि फोन बंद. बाबा मोबाईलकडे पाहत राहिले. "काय सांगू मी?" त्यांनी विचारलं. मग मला त्यांना सगळं सांगावं लागलं. सकाळ झालीच नाही तर बरं, तेसुद्धा. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तुळशीला पाणी घालत राहिले. तुळस अजून चिखलात उभी आहे.

दुसऱ्या दिवशी धंतोलीला आपल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो; दिवाळीनंतर मी तिकडे फिरकलेच नव्हते. त्यांनी माझे हात पाहिले, सुजलेले सांधे दाबून पाहिले. विचारलं, "आठवड्याची गोळी कधी घेता?"

"बाजाराच्या दिवशी," मी म्हणाले.

रोजच्या गोळ्या मला बाबा देतात, पण ही आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर घात होतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणून ती मी आपल्या बुधवारच्या बाजाराला जोडून टाकली होती. बाजारातून आलं, पिशवी ठेवली, पाणी प्यायलं, गोळी घेतली. कधी चुकायची नाही. पण गोळी बाबांच्या हाती नव्हती, आणि वार माझ्या डोक्यात नव्हता. वार पिशवीत होता.

"मग मागच्या बाजारातून काय आणलं?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मी आठवायला लागले. काही आठवेना.

"ती काय सांगन बाई," बाबा म्हणाले, "दिवाळीपासून ती बाजारात गेलीच नाई. भाजी मीच आणून राहिलो."

मला तेव्हा उलगडलं. मी बाजार सोडला आणि गोळीही सुटली, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बोटं आखडत गेली ती दुखण्याने की माझ्या या चुकीने, याचा हिशेब मी तिथेच करायला लागले, तर बाईंनी मला थांबवलं.

"बाजारात जाणं का सोडलं?"

"असंच. गर्दी असते."

"खोटं बोलून राहिली," बाबा म्हणाले. "गर्दी त तिले आवडे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडे ती."

मग बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. झोप कशी आहे, जेवण जातं का, कशात जीव रमतो का, नको ते विचार येतात का. शेवटचं त्यांनी आडवळणाने विचारलं नाही, सरळ विचारलं, म्हणून मलाही सरळ सांगता आलं. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आमवात असलेल्यांमध्ये हे पुष्कळांना होतं. आतली सूज मनालाही सोडत नाही, आणि मन खचलं की दुखणं दुप्पट वाटतं, औषध चुकतं. तुम्ही मला हात दाखवलेत, हे कधी दाखवलं नाही. आणि मीही नीट विचारलं नाही."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि गोळी पुन्हा सुरू करून दिली. ती आता बाबांच्या ताब्यात आहे. शिवाय मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. जिना उतरताना मी बाबांना म्हटलं, "आता मी पागल झाली म्हणा लोकायले."

"तू पागल असती त माह्याशी लग्न केलं तेव्हाच समजलं असतं," ते म्हणाले.

मनाच्या डॉक्टरांकडे मी पदराने तोंड झाकून बसले, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. तर वर्ध्याची एक बाई, गोंदियाचा एक मास्तर, यवतमाळच्या दोघी बहिणी, सगळे आपापलं तोंड वळवून बसलेले. कोण कोणाला ओळखणार होतं? औषध दिलं आहे. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. दर आठवड्याला बोलायलाही बोलावलं आहे. पहिल्या दिवशी मी बोलले कमी आणि रडले जास्त. डॉक्टरांनी ते चालतं म्हणून सांगितलं.

तुझ्या बोटांचं अजून कळवलं नाहीस. वाट पाहते आहे.

आई


२ मार्च

धना,

काल आपण फोनवर बोललो, तरी पत्र लिहिते आहे. फोनवर मी सारखी "हो, हो" म्हणते आणि ठेवल्यावर खरं बोलणं सुचतं.

बोटांची सूज गरोदरपणातली वाटते, बाळंतपणानंतर राहिली तर पुन्हा तपासू, असं तुझ्या डॉक्टरांनी सांगितल्याचं तू मागच्या आठवड्यात बाबांना कळवलंस. ते ऐकून मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. "राहिली तर" एवढेच शब्द माझ्याजवळ राहिले. पण परवा जेवताना ते थोडा वेळ विसरले होते. मनाच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर म्हणाले, ही चांगली खूण आहे.

तू विचारलंस, "आई, तू मले तुरीची डाळ समजली का?" मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले, त्यामुळे खोकलाच आला. मग तू रडवेली झालीस. "न्हाऊ घालाले बाई त रायपूरलाही भेटते. मी काय त्याच्यासाठी येऊन राहिली होती वं? मले रात्रंदिवस भेव वाटते. कोणापाशी सांगू? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं."

धना, मी इथे माझं भय कवटाळून बसले होते आणि तुझं माझ्या डोक्यातच आलं नाही. लेक पोटुशी आहे, पहिलटकरीण आहे, म्हणजे ती भीत असणार, हे आईला सांगावं लागतं का? या दुखण्याने माझं तेही नेलं होतं.

आज सकाळी मी रुखमाबाईंकडे गेले. नाक्याच्या पुढे राहतात, पोरांना तेल लावून न्हाऊ घालण्यात सगळ्या वस्तीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. बाबा सोबत येतो म्हणत होते, मी एकटी गेले. अर्ध्या रस्त्यावर पाय परत फिरायला लागले होते. वाटलं, त्या म्हणतील, हिला स्वतःचं नातवंड न्हाऊ घालता येत नाही. तर त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेपालटे पाहिले आणि म्हणाल्या, "एवढी सूज घेऊन तुमी आजवर स्वयंपाक केला? लेकरू मी न्हाऊ घालीन. तुमी बाजूले बसून मले शिकवू मात्र नका, मले राग येते."

मी म्हटलं, "शिकवीन नाही, पण बसीन."

"बसा. गाणं येते?"

"येते दोनचार."

"मंग म्हणा. लेकरू गप राहते."

तर ठरलं. जावईबापूंना सांग, रंगपंचमीनंतरचं तिकीट काढा. स्टेशनवर तुझे बाबा येतील, मीही येईन. सामानाला हात लावणार नाही. घरी आलीस की मी काय काय करू शकत नाही ते तुला आधीच दिसेल. तुझी वेणी मला घालता येणार नाही. काही दिवस मी सकाळी उठणारही नाही, कारण औषधाने सगळंच एकदम सुधारलेलं नाही, आणि कधी विनाकारण रडेन. तेव्हा तुझ्यामुळे झालं असं समजू नको. तुला भीती वाटली की मला उठव. मी कशीही असले तरी उठव. दोघी मिळून भिऊ.

एकच गोष्ट तुझ्याकडे मागते. बाळाला मी पहिल्यांदा घेईन तेव्हा खाली गादी असू दे, पाठीला भिंत असू दे, तू जवळ बस. माझे हात थरथरतील. तुला वाटेल, आता पडतं. तुझा हात पुढे येईल. येऊ दे, पण बाळाला लावू नको. मी "घे" म्हणेपर्यंत त्याला माझ्याकडून घेऊ नको.

तुझी आई